बशी क्रमांक सात

चिखल आणायला मी ओहोटीला जाते,
माहीमच्या खाडीत, पुलाच्या तिसऱ्या खांबाखाली.
पायात गमबूट, पिशवीत तेरा बाटल्या,
बाटल्यांवर माझ्याच अक्षरात तारीख, वेळ, वास.
वासाचा रकाना नियमात नाही.
तो मी वाढवलाय.

पलीकडच्या खडकांवर चांगुणा वैती कालवं फोडत असते.
कोयतीचं टोक फटीत, मनगटाचा एक झटका.
"टरफल बग यंदाचं," ती म्हणते, "कागदावानी झालंय.
जीव तेवढाच, घर पातळ."
पाण्याच्या आम्लतेचे आकडे मी तिला सांगत नाही.
तिच्या अंगठ्याला ते माझ्या आधी कळलेत.

प्रयोगशाळेत मी चिखल काचेच्या बशांत पेरते,
वर काळ्या तेलाचा एकेक थेंब,
झाकण, तीस अंश, अंधार.
पहिल्या रात्री जवळजवळ सगळे मरतात.
अहवालात हे एका ओळीत येतं.

दुसऱ्या आठवड्यातही काही नाही.
बशा धुवायला काढल्या तर शिपाई मोरेश्वर म्हणाला,
राहू द्या मॅडम, फळीवर जागा आहे.
एवढ्याच कारणानं त्या राहिल्या.

तिसऱ्या आठवड्यात, सात नंबरच्या बशीत,
मोहरीएवढा पिवळट ठिपका.
तेल खात होता.
कुणी शिकवलं त्याला? कुणीच नाही.
केव्हातरी, कुणा एकाच्या पोटात, स्वतःची नक्कल उतरवताना
एक अक्षर चुकलं होतं,
आणि ती चूक नेमकी या तेलाच्या मापाची निघाली.

मी वहीत लिहिते: जुळवून घेतलं.
मग खोडते.
ज्यांना जमलं नाही त्यांच्या बारा बशा
बेसिनशेजारी पालथ्या, निथळत.

भरती यायला वेळ असला की आम्ही निवट्या बघत बसतो.
मासा, पण पाण्याबाहेर; कातडीनं श्वास घेणारा,
ओल आहे तोवर.
गालात खाडीचा एक घोट धरून
तेवढ्यावर दुपार काढणारा.
दुधाच्या रिकाम्या पिशवीवर तो पंख टेकून चढतो,
इकडेतिकडे बघतो,
जणू पिशवी इथं पहिल्यापासूनच होती.
त्याच्यापुरती होतीच.

त्याच्या पलीकडे शंखातला खेकडा चाललाय,
पाठीवर शंख नाही, बाटलीचं निळं टोपण.
खडकावर खड् खड् वाजतं.
"शंख संपले का गो?"
"लोकं नेतात ना. खिडकीत ठेवाया."
मग हात धुता धुता, माझ्याकडे न बघता,
"आमालाबी दिलंय की टोपण. चौदाव्या माल्यावर.
खाडी दिसते समदी. आवाज नाय येत.
सुकट टांगली तर सोसायटीची नोटीस येते."
ती हसते. मीही हसते, जरा उशिरा.

पाणी पायाशी आलं.
बारा बाटल्या भरून झाल्या, तेराव्याचं बूच उघडलं,
नाकाशी धरली, आणि पेन तसंच राहिलं हातात.
काहीच आलं नाही.
अकराव्या बाटलीचंही नव्हतं आलं. काल?
मागची पानं उलटली. मे महिन्यापासून प्रत्येक दिवशी
मी 'नेहमीचा' लिहीत आलेय.
अकरा वर्षं या चिखलाशी काढली,
माझ्यातलंही काहीतरी धुऊन पालथं पडलंय कुठेतरी,
आणि मला त्याची नोंद नाही.

"चांगुणाबाय, जरा हुंग गो हे."
ती ओले हात पदराला पुसते, बाटली घेते, डोळे मिटते.
बराच वेळ घेते.
"गंज हाय. सडका पाला. कोलंबीची टरफलं.
आन् आजून काय तरी हाय खाली.
नवीन.
त्याला नाव नाय आजून."

मी तिच्याच शब्दांत लिहून घेते,
पाणी घोट्यापर्यंत येईतो.